भरताला पाणी का सुटतं आणि धुराचा वास कुठून येतो

पुण्यात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. जळगावजवळ मैत्रिणीच्या शेतावर त्यांनी भरीत खाल्लं आणि तेव्हापासून घरी तसंच करायचा प्रयत्न चालू आहे. वांगं गॅसवर भाजतात, सोलतात, मिक्सरमधून एकदा फिरवतात आणि कांदा-टोमॅटोच्या फोडणीत परततात. भरीत पाणचट होतं, धुराचा वास लागत नाही, एखाद्या वेळी कडवटही लागतं. येत्या शनिवारी घरी पंधरा माणसं जेवायला आहेत. थोडं भरीत भाकरीबरोबर वाढायचं आहे, थोडं दही घालून टोस्टबरोबर डिपसारखं ठेवायचं आहे. त्यांनी विचारलंय, "फोडणीत काय कमी पडतंय? तुमच्याकडे कुठला मसाला घालतात?"

ताई, फोडणीत काहीच कमी नाही. झालाच तर टोमॅटो जास्त होतोय. पाणी, वास आणि कडवटपणा या तिन्ही तक्रारी कढई गॅसवर चढायच्या आधीच ठरून गेलेल्या असतात. वांगं कसं निवडलं, ते किती भाजलं आणि भाजून झाल्यावर पुढची पंधरा-वीस मिनिटं त्याचं काय केलं, यावर सगळं आहे. मी जळगावात हिवाळाभर भरीत-पुरीच्या ऑर्डरी घेते. भरताच्या दिवशी आमच्याकडे हळद, धणेपूड, गरम मसाला यांना हातच लागत नाही. हिरवी मिरची, लसूण, मीठ, शेंगदाणा तेल, शेंगदाणे, थोडं जिरं, कांद्याची पात आणि कोथिंबीर एवढाच पसारा असतो.

एक गोष्ट आधी मान्य करू. तुम्ही शेतावर खाल्लेलं वांगं वेगळं होतं. आमच्याकडचं भरताचं वांगं हिरवट-पांढरं, मोठं, पातळ सालीचं आणि कमी बियांचं असतं. यावल तालुक्यातलं बामणोद गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे आणि जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. दिवाळीच्या आगेमागे ते बाजारात यायला लागतं आणि थंडी असेपर्यंत छान मिळतं. पुण्यात हिवाळ्यात काही भाजीवाल्यांकडे येतं; दिसलं तर सोडू नका. नाही मिळालं तर मोठं जांभळं वांगं घ्या. त्याचं भरीत उत्तम होतं, फक्त रंग तपकिरी-करडा येतो आणि साल जाड असल्यामुळे भाजायला वेळ जास्त लागतो. तुमच्या भरताचा रंग शेतावरच्यासारखा फिकट हिरवट येत नसेल तर त्यात तुमचं काही चुकलेलं नाही.

निवडताना मी वांगं आधी हातावर तोलते. एकाच आकाराची दोन वांगी घ्या आणि त्यातलं हलकं असेल ते ठेवा. जड वांग्यात बहुतेक वेळा बिया भरलेल्या असतात. मग अंगठ्याने हलकं दाबा. दाब काढल्यावर जागा वर आली तर वांगं कोवळं आहे, खड्डा तसाच राहिला तर जून किंवा शिळं. देठ हिरवा आणि ताठ हवा. सालीवर टाचणीएवढं जरी छिद्र दिसलं तरी ते वांगं परत ठेवा, आत अळी असते. साल निस्तेज, पिवळसर झालेली असेल तर बिया पिकलेल्या आहेत असं समजा. तुमच्या कडवटपणाचं पहिलं कारण बहुधा हेच असणार, कारण जून वांग्याच्या बियांतच कडूपणा असतो आणि मिक्सरचं पातं त्या बिया भरडून तो सगळ्या गरात पसरवतं.

आता भाजणं. इथे मी जरा सविस्तर लिहिते, कारण भरीत इथेच होतं किंवा बिघडतं.

वांग्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि गर स्पंजसारखा, हवा धरलेला असतो. नीट भाजलं म्हणजे हा स्पंज आतून पूर्ण कोसळायला हवा. तो कोसळला की धरलेलं पाणी सुटं होतं. त्यातलं काही वाफेवाटे जातं, उरलेलं निथळून काढता येतं. अर्धवट भाजलेल्या वांग्यात ते पाणी गरात अडकून राहतं आणि पुढे कढईत मीठ पडलं की बाहेर येतं. तुम्हाला वाटतं फोडणीला पाणी सुटलं, पण ते मुळात कच्चेपणाचं पाणी असतं.

शेतात भाजताना हे आपोआप साधतं, कारण पऱ्हाटीची आग दोन टप्प्यांत चालते. कपाशीच्या वाळलेल्या काड्या पेटल्या की एकदम भडकतात. त्या जाळात वांग्याची साल चारी बाजूंनी काळी होते, तडतडते, जागोजागी फुटते. काड्या बारीक असल्यामुळे जाळ लवकर बसतो आणि खाली निखारा आणि गरम राख उरते. त्या धगीत वांगी पडून राहतात आणि आतला गर सावकाश शिजतो. कुणी घाई करत नाही, कारण तोवर बाकीचे लोक मिरच्या भाजत असतात, पात चिरत असतात. घरी गॅसवर आपण फक्त पहिला टप्पा करतो. साल काळी झाली, वरून मऊ लागलं की झालं असं समजून उतरवतो. देठाजवळचा आणि मधला गर तेव्हा अजून पांढरा आणि रबरासारखा असतो.

म्हणून घरीही दोन टप्पे करा. वांगं धुऊन कोरडं पुसा आणि वरून तेलाचा हात फिरवा. सुरीच्या टोकाने पाच-सहा ठिकाणी टोचा, नाहीतर आतल्या वाफेने फुटून गरम गर अंगावर उडू शकतो. किडीची शंका असेल तर खालच्या बाजूने एक उभी चीर देऊन आत बघून घ्या. देठ काढू नका, वांगं फिरवायला तोच उपयोगी पडतो. पापड भाजायची जाळी बर्नरवर ठेवून मोठ्या आचेवर वांगं सगळीकडून फिरवत साल पूर्ण काळी करा. यात सहा-सात मिनिटं जातात. मग ते जाड तव्यावर आडवं ठेवा, आच बारीक करा, वर पातेलं उपडं घाला आणि मध्ये एक-दोनदा फिरवत ठेवा. अर्ध्या किलोचं वांगं असेल तर आणखी पंधरा ते वीस मिनिटं धरा. जाड सालीच्या वांग्याला जास्तही लागतील, घड्याळाकडे बघून उतरवू नका.

झालं की नाही ते देठाशी बघायचं. बाकी वांगं तयार झालं तरी देठाखालचं दोन बोटं अंतर शेवटी शिजतं. तिथे सुरीचं टोक घाला. ते स्वतःच्या वजनाने आत गेलं पाहिजे. त्या सुमारास वांगं बसकं झालेलं असतं, साल सुरकुतते आणि टोचलेल्या जागांतून रस बुडबुडत बाहेर येऊन तव्यावर चर्र होतो. तो रस आधी पाण्यासारखा पातळ असतो, नंतर घट्ट होऊन तव्यावर त्याचे तपकिरी डाग पडायला लागतात आणि गोडसर वास सुटतो. हा वास आला की मी आच बंद करते.

आता ती पंधरा-वीस मिनिटं. वांगं लगेच सोलू नका. त्याला उभी चीर देऊन उघडा आणि चाळणीवर ठेवा, खाली भांडं. झाकण ठेवलं तर वाफेचं पाणी परत गरात पडतं, म्हणून झाकण नको. भांड्यात तपकिरी रस जमेल. तो फेकायच्या आधी चमच्याने चाखून बघा. धुरकट-गोड लागला तर बाजूला ठेवा, भरीत फार कोरडं झालं तर त्यातलाच एक चमचा परत घालता येतो. कडू लागला तर टाकून द्या. कडूपणा बराचसा त्याच्याबरोबर जातो.

सोलताना वांगं नळाखाली धरू नका. धुराचा सगळा स्वाद करपलेल्या सालीला लागून असलेल्या पातळ थरात असतो, आणि नळाखाली तोच आधी वाहून जातो. शेजारी वाटीत पाणी ठेवा, बोटं बुडवत सोला. सालीचे चार-दोन काळे कण राहिले तर राहू द्या, पण मोठे पापुद्रे काढा. जळकी साल जास्त गेली तर तीही कडवट लागते. बियांचा पिवळट-तपकिरी गठ्ठा दिसला तर चमच्याने उचलून टाका.

इथवर नीट झालं तर पुढचं सोपं आहे. मिक्सर मात्र बाजूला ठेवा. पात्याने गर चिकट होतो, त्याचे धागे राहत नाहीत आणि बिया भरडल्या जातात ते वर सांगितलंच. आमच्याकडे भरीत बडगीत ठेचतात. बडगी म्हणजे लाकडाचं लांबट, खोलगट भांडं, सोबत लाकडी दांडा. आधी भाजलेल्या मिरच्या, लसूण आणि मीठ त्यात ठेचायचं आणि मग त्यावर गर घालून ठेचायचा. लाकडाने गर चिरडला जातो पण धागा तुटत नाही, आणि मिरची-लसणाचा रस त्या धाग्यांत मुरतो. फोडणीत वरून घातलेल्या मिरचीला ही चव येत नाही. तुमच्याकडे खलबत्ता असेल तर मिरची-लसूण त्यात ठेचा आणि गर परातीत घेऊन रवीने किंवा पावभाजीच्या मॅशरने दाबा. काट्याने दाबलं तरी चालेल.

एक किलो वांग्यांना माझं प्रमाण असं: आठ-दहा हिरव्या मिरच्या, बारा-पंधरा लसूण पाकळ्या, अर्धी वाटी शेंगदाणे, चार-पाच मोठे चमचे शेंगदाणा तेल, एक मध्यम जुडी कांद्याची पात, मूठभर कोथिंबीर आणि दीड छोटा चमचा मीठ. मिरची तुमच्या बाजारात किती तिखट मिळते आणि घरी कोण जेवणार आहे यावर हे बदलेल. लवंगी असेल तर पाच पुरे. मिरच्या वांग्याबरोबरच जाळीवर डाग पडेपर्यंत भाजा. लसूण मी कच्चाच ठेचते. काही जण पाकळ्या वांग्यात खोचून भाजतात; त्याने लसूण गोडसर आणि मऊ होतो, ज्यांना उग्र लसूण सोसत नाही त्यांच्यासाठी ते बरं.

कढईत तेल चांगलं तापवा, शेंगदाणे खरपूस तळा, थोडं जिरं तडतडू द्या, पातीचा पांढरा कांदा घालून अर्धा मिनिट परता आणि ठेचलेला गर घाला. मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटं परता. कढईच्या कडेला तेल दिसायला लागलं की बंद करा आणि हिरवी पात आणि कोथिंबीर त्यानंतर घाला. पात शिजवली तर तिचा कुरकुरीतपणा आणि गोडवा दोन्ही जातात. टोमॅटो आमच्या भरतात नसतो. तुम्हाला आवडत असेल तर घाला, पण त्याचं पाणी आधी पूर्ण आटवून घ्या, आणि टोमॅटोचा आंबटपणा धुराचा वास दाबतो हे लक्षात ठेवा. मला विचाराल तर या शनिवारी टोमॅटो वगळून एकदा बघा.

आता धुराचा प्रश्न. खरा लाकडाचा धूर गॅसच्या ज्योतीत नसतो. गॅसवर जो वास मिळतो तो साल करपल्याचा. म्हणून साल खरोखर काळी होणं गरजेचं आहे, नुसती तपकिरी होऊन चालत नाही. काड्यांवरच्या भरतात त्याच्या जोडीला जळत्या लाकडाचा धूर असतो, आणि तो फ्लॅटमध्ये आणायचा तर धुंगार द्यावा लागतो. लाकडी कोळशाचा एक तुकडा गॅसवर लाल करा. कोळसा नसेल तर नारळाच्या करवंटीचा तुकडाही पेटवून चालतो. गराच्या मध्यभागी छोटी स्टीलची वाटी ठेवा, त्यात निखारा, त्यावर अर्धा चमचा तेल, आणि लगेच घट्ट झाकण. पाच मिनिटं बास. जास्त ठेवलं तर धूर घशाला लागतो. दोन गोष्टी सांभाळा: खिडकी उघडी ठेवा, आणि धुंगार फोडणीच्या आधी, ठेचलेल्या गराला द्या. गर ओलसर असतो, धूर छान धरतो. फोडणीनंतर दिला तर तेलालाच वास लागतो आणि तो वेगळा तरंगत राहतो.

तुम्ही इंडक्शनबद्दलही विचारलं होतं. इंडक्शनवर ज्योत नाही, त्यामुळे साल करपवायला ओव्हन किंवा ओटीजी लागेल. २२० ते २३० अंशांवर टोचलेलं अख्खं वांगं ४० ते ५० मिनिटं, शेवटची आठ-दहा मिनिटं वरची कॉइल पूर्ण चालू ठेवून, मध्ये एकदा उलटून. गर सुंदर शिजतो, पाणीही चांगलं आटतं, धूर मात्र धुंगारानेच द्यावा लागतो. परदेशात राहणाऱ्या माझ्या गिऱ्हाइकांच्या मुली असंच करतात. तिकडच्या जाड सालीच्या मोठ्या वांग्यांपेक्षा लांबट, बारीक जपानी वांगी मिळाली तर ती घ्या, त्यात बिया कमी असतात; फक्त वेळ निम्म्यावर आणा. मायक्रोवेव्हमध्ये वांगं वाफवलं जातं, भाजलं जात नाही. मी ते भरतासाठी वापरत नाही.

दह्याच्या भरताचं गणित थोडं वेगळं आहे. त्यात पाण्याची भीती दुप्पट, कारण दह्यालाही पाणी सुटतं. दही तास-दीड तास फडक्यात टांगून ठेवा. अगदी चक्का नको, चमच्याला धरून राहील इतकंच घट्ट हवं. गर पूर्ण थंड झाल्याशिवाय दही घालू नका, गरम गरात ते फाटतं. एक वाटी गराला अर्धी वाटी टांगलेलं दही, बारीक चिरलेला कच्चा कांदा, ठेचलेली मिरची, कोथिंबीर, आणि वरून तूप-जिरं-हिंगाची फोडणी, ती पण कोमट झाल्यावर. लसूण इथे मी अर्धीच पाकळी घालते किंवा वगळते. मीठ वाढायच्या अगदी आधी घाला. अर्धा तास आधी घातलंत तर कडेने पाणी दिसायला लागेल. टोस्टबरोबर ठेवायचं तर हेच करा. लेबनॉन-सीरियाकडे अशाच भाजलेल्या गरात तिळाची ताहिनी, लिंबू आणि लसूण घालून मुतब्बल करतात. तुम्हाला दह्याऐवजी ते करून बघायचं असेल तरी भाजणं आणि निथळणं हेच राहील.

भाकरी कुठली, हेही सांगते, कारण भरताची निम्मी मजा त्यात आहे. आमच्याकडे कळण्याची भाकरी असते: चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालीसकट काळे उडीद, थोडं मीठ, एकत्र दळून आणलेलं पीठ. तिला उडदामुळे खमंग वास येतो आणि ती भरताचं तेल छान पिते. दळून आणणं जमत नसेल तर बाजरीची करा. चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्याला अनेक घरी बाजरीच्या भाकरीबरोबरच भरीत असतं. चातुर्मास पाळणाऱ्या घरांत आषाढातल्या कांदेनवमीनंतर कांदा, लसूण, वांगं बंद असतं, त्यामुळे चंपाषष्ठीच्या पानावरच्या त्या भरताची वाट बघितली जाते. जळगावात लग्नाच्या आणि शेतातल्या पार्ट्यांना पुऱ्याही चालतात. पंधरा माणसांच्या भाकऱ्या एकटीने थापायच्या असतील तर पुऱ्यांचा विचार जरूर करा.

पंधरा माणसांचा अंदाज: माणशी पाव किलो कच्चं वांगं धरा, म्हणजे पावणेचार-चार किलो. भाजून, सोलून, निथळून त्यातला निम्म्याहून थोडा जास्त गर हाती येतो. मोठी आठ वांगी होतील, दोन बर्नरवर दोन-दोन भाजायची तरी दीड-दोन तास जातील. शनिवारी सकाळी हे करत बसू नका. शुक्रवारी संध्याकाळी भाजा, सोला, चाळणीवर निथळवा आणि गर काट्याने जरा मोकळा करून झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. मीठ, मिरची, लसूण यातलं काहीही तेव्हा घालू नका. सकाळी डब्याच्या तळाशी पुन्हा थोडं पाणी दिसेल, ते काढून टाका. आदल्या दिवशी भाजलेल्या गराचं भरीत ताज्यापेक्षा घट्ट होतं, हा त्यातला फायदा. धुंगार शनिवारी नुसत्या ठेचलेल्या गराला द्या, दह्याचा वाटा त्यानंतर वेगळा काढा, उरलेल्यात ठेचलेली मिरची, लसूण आणि मीठ घाला, आणि त्याला फोडणी पाहुणे आल्यावर. पात मात्र त्याच दिवशी आणा आणि शेवटी चिरा.